छापा, काटा आणि फोटो

राणी छाप रुपया नाही असं जुनं मराठी घर सहसा सापडत नाही, आणि तो नेमका कुठे ठेवलाय हे ठाऊक असलेलं घर तर मुळीच सापडत नाही. आई म्हणते देव्हाऱ्याखालच्या खणात, काका म्हणतात बँकेच्या लॉकरात, आणि आत्याचं नाव निघालं की दोघंही गप्प होतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो कुठूनसा प्रकट होतो, हळदकुंकू लावून घेतो, रात्रभर पाटावर बसतो आणि सकाळी पुन्हा अज्ञातवासात जातो. त्याची किंमत घरातल्या प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवलेली असते आणि ती दर दिवाळीला वाढते. कुणीतरी फोनवर आलेला व्हिडिओ दाखवतं : ‘हे नाणं तुमच्याकडे आहे? मग तुम्ही लखपती आहात!’ जुन्या नाण्यांच्या असल्या सौद्यांशी आमचा काही संबंध नाही, आमच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका, असं पत्रक रिझर्व्ह बँकेला २०२१ साली काढावं लागलं. पण काकांचा रिझर्व्ह बँकेपेक्षा त्या व्हिडिओतल्या माणसावर विश्वास जास्त. तो काकांना ‘मित्रांनो’ म्हणतो. रिझर्व्ह बँकेने तसं कधी म्हटलेलं नाही.

मी या रुपयांचा संग्राहक आहे. आमच्यातही जाती-पोटजाती आहेत आणि रोटीव्यवहार जपून चालतो. सालवाल्यांना प्रत्येक सालचा रुपया हवा असतो. टांकसाळवाल्यांना त्याच सालचा मुंबईचा वेगळा आणि कलकत्त्याचा वेगळा हवा असतो. त्यासाठी ते पंचम जॉर्जचा रुपया उलटा करतात आणि काट्याच्या बाजूला, तळाच्या कमळाखाली, भिंगातून एक टिंब शोधत बसतात. टिंब असलं तर मुंबई, नसलं तर कलकत्ता. ‘टिंब आहे की घाण आहे’ या प्रश्नावर चांगली शिकलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत.

मी तिसरा, म्हणजे टाइपवाला. एका नक्षीचं एकच नाणं घ्यायचं, साल-टांकसाळीच्या भानगडीत पडायचं नाही. राजा बदलला, राजाचा चेहरा बदलला, काट्यावरची नक्षी बदलली किंवा चांदी बदलली, तरच नवा टाइप. टाइपवाला हा संसारी संग्राहक असतो. त्याने लग्नाच्या बायकोला सांगितलेलं असतं, ‘एकूण दहाच तर नाणी आहेत!’ आणि हिशेब मांडला तर ते खरंही ठरतं. १८३५ चा चौथा विल्यम, १८४० च्या व्हिक्टोरिया दोन, १८६२ ची राणी, १८७७ पासूनची सम्राज्ञी, एडवर्ड सातवा, जॉर्ज पाचवा १९११ चा आणि १९१२ नंतरचा, जॉर्ज सहावा पूर्ण चांदीचा आणि अर्ध्या चांदीचा. झाले दहा. हाताच्या बोटांवर मोजून संपणारा छंद कुठल्या बायकोला आवडणार नाही?

१८३५ पासूनच का सुरुवात केली, तर त्याआधीच्या गर्दीत शिरायचं धाडस नव्हतं म्हणून. महाराजांची शिवराई तांब्याची आणि होन सोन्याचा, म्हणजे चांदीवाल्याला दोन्हीकडून मज्जाव. पेशवाईत रुपये पाडले गेले ते दिल्लीच्या बादशहाच्या नावाने, फारसीत. पुण्याच्या रुपयावर अंकुश, चांदवडचा आणखी वेगळा, आणि प्रत्येक गावच्या रुपयाला दुसऱ्या गावी बट्टा. सराफ लोकांचा तो सुवर्णकाळ, चांदीत चालला एवढंच. शिवाय ठसा मोठा आणि चकती लहान असल्यामुळे बादशहाचं अर्धं नाव नाण्याबाहेरच पडायचं. आपल्या नाण्यावर आपलं आडनावही न मावलेला बादशहा ओळखायचा, तर आधी फारसी शिकावी लागते. कंपनीने १८३५ च्या कायद्याने सगळीकडे एकच रुपया केला : वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा. पारड्यात ऐंशी रुपये टाकले की शेर झाला. ज्याच्याकडे ऐंशी रुपये आहेत त्याला वजनं विकत घ्यायला नकोत, आणि ज्याला वजनं लागतात त्याच्याकडे ऐंशी रुपये नाहीत, अशी ती सोय होती.

आता या दहा मंडळींशी ओळख करून द्यायला हवी. विल्यमने आपला नंबर रोमन आकड्यांत चार उभ्या काड्या ओढून लिहिला आहे. शाळेत आम्हाला याबद्दल उठाबशा काढायला लावल्या असत्या. पण तो राजा होता आणि नाणं त्याचं होतं. व्हिक्टोरियाची गोष्ट वेगळी. १८६२ साली रुपयावर मुकुट घालून बसलेली ही बाई १९०१ पर्यंत त्याच रुबाबात बसून राहिली. इंग्लंडातल्या नाण्यांवर तिचं वय वाढत होतं. १८८७ साली ती तिकडे प्रौढ झाली आणि १८९३ साली डोक्यावरून पदर घेतलेली आजीबाई झाली. माहेरी म्हातारी आणि इकडे तरणी! एक्याऐंशीव्या वर्षी ती वारली, तोवर हिंदुस्थानच्या खिशात तिचा एक केस पांढरा झाला नव्हता. आमच्याकडची माणसं तिला अजूनही नुसतं ‘राणी’ म्हणतात, ते उगीच नाही. नंतर आलेल्या एडवर्डला डोक्यावर मुकुटही नाही आणि फारसे केसही नाहीत. मुकुट मागच्या बाजूला, काट्यावर ठेवलेला. त्यामुळे बाजारात त्याची ओळख ‘तो टकल्या द्या’ एवढ्यावर भागते. साम्राज्यावरचा सूर्य मावळत नव्हता तो बहुधा तिथे चमकत असावा.

पाचव्या जॉर्जने मात्र पदार्पणातच घोळ घातला. त्याचा मुखवटा केला बर्ट्रम मॅकेनल या ऑस्ट्रेलियन शिल्पकाराने. राजाच्या अंगावरच्या झग्यावर इंडियन एम्पायर या सन्मानाची साखळी आहे आणि तिच्यात छोटासा हत्ती. इतका छोटा की त्याची सोंड आखूड पडली, पाय आखूड पडले, आणि लोकांनी छातीठोकपणे सांगितलं की हा हत्ती नाही, डुक्कर आहे. मग मोठाच गहजब झाला. १९११ चे सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपास बाहेर गेले होते. उरलेले रोखले, गेलेल्यांतले बरेचसे परत बोलावले, ते सगळे वितळवले, आणि १९१२ पासून हत्तीला दुरून दिसेल अशी सोंड लावली. एका सोंडेपायी नवा टाइप झाला आणि माझ्यासारख्याला एक नाणं जास्त घ्यावं लागलं. मॅकेनलने हिंदुस्थानात येऊन एक हत्ती पाहिला असता तर माझे बरेच पैसे वाचले असते.

त्यानंतरचा जॉर्ज तुमच्या घरीही असेल. १९१८, १९१९, १९२० यांतला एक हमखास. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांची इतकी मागणी वाढली की चांदी पुरेना. तेव्हा १९१८ साली अमेरिकेने पिटमन कायदा केला, खजिन्यातले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी विकली. म्हणजे आजीच्या डब्यातल्या दाढीवाल्या जॉर्जच्या अंगात अमेरिकेची स्वातंत्र्यदेवता असण्याची बरीच शक्यता आहे. आजीला हे सांगितलं तर ती त्याला पूजेत ठेवणार नाही, म्हणून सांगू नये. सहाव्या जॉर्जच्या वेळी दुसरं महायुद्ध आलं आणि १९४० पासून रुपयात चांदी निम्म्यावर आली. त्याच्या आधीचा १९३९ चा रुपया इतका दुर्मीळ की त्याचं नाव काढताच दुकानदार उभा राहतो आणि गिऱ्हाईक बसतं. नशिबाने टाइपवाल्याचं १९३८ वर भागतं.

नाणी मिळवायची कुठे, हा खरा खेळ. सराफाकडे गेलं तर तो राजाकडे बघतच नाही. त्याच्या लेखी विल्यम, व्हिक्टोरिया आणि मोडीतली पैंजणं सारखीच. काट्यावर टाकतो, आजच्या भावाने गुणतो, वर थोडे लावतो. या लोकशाहीचा फायदा घेता येतो, कारण त्याच्या गल्ल्याशेजारच्या डब्यात कधीकधी चांगला विल्यम जॉर्जांच्या भावात पडलेला असतो. पण ते डोळ्यांत दिसू द्यायचं नाही. सराफ चांदी नंतर पारखतो, आधी गिऱ्हाइकाचा चेहरा पारखतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे तर एकदम त्रेतायुगातलं नाणं मिळतं. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, साल १८१८. कंपनीने असलं नाणं कधी पाडलेलंच नाही. पण विकणारा पेशवाई बुडाल्याचं साल घालून तुमच्या काळजाला हात घालतो. वर आवाज खाली आणून सांगतो, ‘साहेब, हे तांदूळ ओढतं.’ त्याच्याकडे असली नाणी ढिगाने असतात आणि तो स्वतः तांदूळ रेशनच्या रांगेतून आणतो, हे विचारायची पद्धत नाही.

नाणेवाले व्यापारी याहून सभ्य. दादरला किंवा पुण्याला एखाद्या हॉलात प्रदर्शन भरलं की ते ओळीने टेबलं मांडून बसतात आणि नाण्याला ‘पीस’ म्हणतात.

“साहेब, हा पीस बघा. लस्टर बघा. हात लागलेला नाही.”

“राणीच्या डोक्यावर कडेला हा डाग कसला?”

“कुठे?”

“हा काय. इथे कडी लावलेली होती ना? हारातला रुपया आहे.”

“तेवढं थोडं काम केलंय वरती. दिसतंय का कुठे? भिंग बाजूला ठेवा, मग सांगा.”

बायकांनी रुपयाला कडी जोडून गळ्यात घातला, हे आमच्या दृष्टीने नाण्याचं वाटोळं. त्या बायकांच्या दृष्टीने गळ्यातला रुपया हाच एक नवऱ्याच्या हाती न लागणारा रुपया होता, हेही खरं. त्यात आम्ही बोलू नये.

बोटाच्या पेरावर तोलून टिचकी मारायची, खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा, ही आजोबांची परीक्षा अजून चालते. त्यात वजनकाटा आणि लोहचुंबक यांची भर पडली आहे. चांदी चुंबकाला चिकटत नाही. चिकटला तर रुपया परत करायचा आणि चुंबक ठेवून घ्यायचं.

नाणं घरी आल्यावर त्याच्यावर घरातलं प्रेम धावून येतं. चांदी काळी पडलेली दिसली की आपल्या बायकांच्या हाताला खाज सुटते. चिंच, लिंबू, राखुंडी, जे हाताशी येईल त्याने घासून दीडशे वर्षांचा रंग पाच मिनिटांत उतरवतात आणि ‘बघा कसं चकचकीत झालं’ म्हणून आपल्याच हातात देतात. हा काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने चांदीवर चढवलेला पातळ थर. आम्ही त्याला ‘टोन’ म्हणतो आणि त्याचे जास्त पैसे मोजतो. हे पाहुण्यांना समजावून सांगता येत नाही. ‘म्हणजे मळके जास्त महाग?’ असं ते विचारतात, आणि खरं सांगायचं तर आमचं सगळं शास्त्र तेवढंच आहे.

आणि मग फोटो. नाणी पेटीत आणि पेटी कपाटात ठेवल्यावर बघायची कशी, म्हणून फोटो काढायचे, असं सगळे संग्राहक सांगतात. माझं मत वेगळं आहे. फोटो हा पुढच्या खरेदीचा वकील असतो, पण ते पुढे सांगतो. आधी चांदीचा फोटो काढणं म्हणजे काय ते बघा. चांदी म्हणजे आरसाच. वरून फोन धरला की जॉर्जच्या गालावर फोन उमटतो, विल्यमच्या कपाळावर छताचा पंखा फिरतो आणि सम्राज्ञीच्या मुकुटाशेजारी आपलं नाक. पिवळा दिवा लावला की चांदी पितळ होते, पांढरा लावला की अॅल्युमिनियम होते, फ्लॅश मारला की नुसता चंद्र. जाणकार सांगतात, घड्याळात दहा आणि दोन वाजतात तिथे दोन दिवे ठेवा, त्यांच्यापुढे बटर पेपर लावा, फोन पुस्तकांच्या चळतीवर स्थिर करा. पुस्तकांच्या दोन चळती सारख्या उंचीच्या करायच्या तर घरातलं मराठी साहित्य प्रथमच पूर्णपणे वापरात येतं. विश्वकोशाचे खंड या कामाला उत्तम. कवितासंग्रह फारच पातळ असतात, पण शेवटचा फरक मिटवायला त्यांच्यासारखं काही नाही.

याहून वरची पायरी म्हणजे काच. नाण्यावर तिरपी, पंचेचाळीस अंशांत काच धरायची. बाजूचा उजेड काचेवर आपटून सरळ नाण्यावर पडतो आणि फोन वरून काचेतून बघतो. मग नाण्याचा सपाट भाग झळाळतो, चेहऱ्याच्या उतारांवर सावली बसते आणि राजा फोटोतून वर येतो. ही पातळ, स्वच्छ काच बाजारात मागायला गेलं तर आधी खिडकीचं माप विचारतात. घरात ती फक्त एकाच ठिकाणी असते, फोटोच्या चौकटीत. त्यामुळे संग्राहकाच्या घरी सासरेबुवांची तसबीर काही दिवस बिनकाचेची दिसली तर प्रश्न विचारू नयेत. प्रश्न विचारायला घरात दुसरी माणसं असतात.

एकदा फोटो नीट आला, की तो मोठा करून बघायचा मोह आवरत नाही. माझ्याकडे मुंबईच्या टांकसाळीचा, १९०७ चा एडवर्ड आहे. हातात घेतला तर स्वच्छ. पडद्यावर पसरवला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळीमागे, त्या बारीक खोबणीत, हळद. सुकून घट्ट झालेली, नारिंगी. दाढी संपते तिथे कुंकवाचा एक कण. किती दिवाळ्या पाटावर काढल्या असतील कोण जाणे. आता हे काढायचं की ठेवायचं? शुद्धतावादी म्हणतात, परका पदार्थ आहे, काढा. मी म्हणतो, इंग्लंडच्या राजाच्या कानात आपल्या बायकांनी हळद भरली, हा इतिहास आहे, त्याला टोन धरा. हिने मात्र फोटो बघून वेगळाच निर्णय दिला : “म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी घरची लक्ष्मी उचलून आणलीत!”

हत्तीचा फोटो काढून मी १९११ चा आणि १९१२ चा शेजारी-शेजारी लावला, तेव्हा आल्यागेल्याला विचारायची सोय झाली. शंभर वर्षांपूर्वी उठलेला गहजब खरा होता का, याची चाचणी आमच्या दिवाणखान्यात अजून चालू आहे. डाव्या फोटोत कुणाला डुक्कर दिसतं, कुणाला उंदीर. शेजारच्या काकूंना मांजर दिसलं, आणि त्यांनी त्यावर ठाम राहून चहा घेतला. उजवीकडचा हत्ती मात्र सगळ्यांना हत्तीच दिसतो.

आता वकिलाची गोष्ट. डोळ्यांनी बघत होतो तोवर दहा टाइप होते. फोटो मोठे केले आणि दहा हा आकडा डळमळू लागला. १८४० च्या दोघींचं ठीक. एकीवर अक्षरं डोक्यावरून सलग फिरतात, दुसरीवर डोक्याच्या दोन बाजूंना तुटतात, ते आधीच धरले होते. पण विल्यमच्या मानेखाली काही रुपयांवर ‘आर. एस.’ अशी अक्षरं आहेत, काहींवर ‘एफ’, काहींवर काहीच नाही. मग हा एक टाइप की तीन? १८६२ च्या राणीच्या झग्याच्या पुढच्या पट्टीवरची नक्षी दोन तऱ्हांची, काट्यावरच्या फुलाच्या पाकळ्या दोन तऱ्हांच्या. शिवाय हे १८६२ साल रुपयावर तसंच ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडत राहिले, आणि खरं साल कळावं म्हणून मुंबईने टिंबांची खूण चालू केली. वर एक, खाली दोन, असली. म्हणजे ज्या टिंबवाल्यांना मी हसत होतो त्यांच्याच पंगतीला मला पान मांडावं लागलं. टाइप हे बंधन खरं, पण त्याची व्याख्या करणारे आपणच. ही सोय मात्र फार मोठी आहे.

घरच्यांना यात ओढायचा एक मार्ग मी शोधला आहे. त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत अंजनेरी लागते. डोंगरावर मारुतीचं जन्मस्थान, आणि पायथ्याशी नाणकशास्त्राची संशोधन संस्था, तिचं संग्रहालय. म्हणजे एका फेरीत शंकर, मारुती आणि राणी. मुंबईत एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर बसून समोर भेळ खाता खाता सांगता येतं, की आत अकबराची सोन्याची मोहर आहे आणि पलीकडे ती टांकसाळ, जिथे आपले टिंबवाले रुपये जन्मले. हिला मोहर चालली असती. रुपयांबद्दल तिचं म्हणणं एकच, “सगळे सारखेच तर दिसतात.”

कायद्याचीही एक गंमत आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे विल्यम, व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि दाढीवाल्या जॉर्जचे बहुतेक रुपये हे आता अधिकृतपणे भारत सोडून जाऊ शकत नाहीत. १९४२ साली आपण त्यांना जे सांगत होतो त्याच्या बरोबर उलट. सहावा जॉर्ज अजून मोकळा आहे.

एवढं सगळं जमवून, फोटो काढून, काळ्या पार्श्वभूमीवर छापा-काटा मापात बसवून मी तक्ता पुरा केला आणि एका व्यापाऱ्याला दाखवला. त्याने शांतपणे बोट फिरवलं. विल्यम, राणी, एडवर्ड, जॉर्ज, जॉर्ज. मग म्हणाला, “मधला कुठे आहे?”

मधला म्हणजे आठवा एडवर्ड. १९३६ च्या जानेवारीत गादीवर बसला आणि प्रेमापायी डिसेंबरात उठला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या टांकसाळीने त्याच्या नावाचा रुपया काढलाच नाही. पण कच्छच्या संस्थानाने तेवढ्या वेळात त्याच्या नावाची चांदीची कोरी, म्हणजे तिथलं नाणं, पाडून घेतली. चेहरा नाही, नाव तेवढं फारसीत. रुपयांच्या संग्रहात कोरी बसते का, हा तात्त्विक प्रश्न आहे. व्यापाऱ्याने तो चटकन सोडवला, आणि मी पाच कोरींचं एक नाणं खिशात घालून घरी आलो. हिने ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं.

“हा कुठला राजा?”

“आठवा एडवर्ड. वर्षभरसुद्धा टिकला नाही गादीवर.”

“मग आधी त्याचा फोटो काढून घ्या,” ती म्हणाली, “आणि बाबांच्या तसबिरीची काच जागेवर लावा.”